मुका मार, मुरगळणे आणि उसण : अभिघातज विकारांतील उपक्रमांचा क्रम

गेल्या वर्षी मृग बहाराची संत्री उतरविण्याचे दिवस होते. सावनेर तालुक्यातील एका गावातून नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन त्याचे आजोबा आमच्या चिकित्सालयात आले. मुलगा झाडावरून उजव्या हातावर पडला होता आणि त्या गोष्टीला जवळजवळ चार आठवडे होऊन गेले होते. कोपर धड वळत नव्हते आणि धड सरळही होत नव्हते. जेमतेम काटकोनाच्या आसपास ते अडकून बसले होते. कोपराच्या पुढील बाजूस दाबून पाहता मांसात कठीण गाठ हाताला लागत होती. चौकशी केली तेव्हा समजले, की पडल्याच्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गरम तेलाने कोपर रगडून चोळले जात होते आणि चोळून झाल्यावर 'आखडू नये' म्हणून हात ओढून सरळ केला जात होता. मुलगा रडे, पण घरच्यांना वाटे, दुखल्याशिवाय मोकळे कसे होणार! क्ष-किरण चित्रात हाड तुटल्याची मोठी खूण नव्हती. मात्र सांध्यापुढील मांसपेशीत अस्थीसारखी पांढरी छाया स्पष्ट दिसत होती. मांसात अस्थी निर्माण होण्याचा हा विकार दुखावलेल्या पेशीला वारंवार रगडल्याने व ओढल्याने बळावतो आणि कोपर हे त्याचे ठरलेले स्थान आहे, हे आपण सर्वजण शिकलो आहोत.

आजोबांना ते चित्र दाखवून समजाविले, तेव्हा ते म्हणाले, "पण डॉक्टरसायेब, तेल त आयुर्वेदिकच होतं न जी!"

त्या वाक्याला तत्काळ उत्तर देणे आम्हास जमले नाही. तेल आयुर्वेदिक होते, उत्तम प्रतीचे होते आणि रीतसर पावती करून दुकानातून घेतलेले होते. चूक द्रव्याची नव्हतीच. चूक काळाची होती. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच आहे. स्वतःविषयीही एक कबुली येथे द्यावयास हवी. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मुरगळलेल्या घोट्यावर पहिल्याच दिवशी अभ्यंग व नाडीस्वेद आम्हीही केलेला आहे. रुग्णाला तेच हवे असते, आपल्याला तेच हातवळणी पडलेले असते आणि दुसऱ्या दिवशी सूज दुप्पट झाली की 'मार जबर होता' असे म्हणून आपण मोकळे होतो.

सावनेर हे नाव मराठी वाचकाला राम गणेश गडकरी यांच्या अखेरच्या दिवसांमुळे ठाऊक असते; १९१९ साली त्यांचा देहान्त येथेच झाला. आम्हा व्यावसायिकांच्या दृष्टीने मात्र हा तालुका म्हणजे अभिघातज विकारांची बारमाही शाळा आहे. भूमिगत कोळसा खाणी, कापूस व संत्रा यांची शेती, आणि बैतूल व छिंदवाडा या दोन्ही दिशांना जाणारी जड वाहतूक. कापूस वेचणाऱ्या भगिनींची मनगटे व कंबर, संत्र्याची क्रेट उचलणाऱ्या मजुरांचे खांदे, खाणीतील कामगारांच्या पाठी, दुचाकीवरून घसरलेल्यांचे गुडघे असा हा क्रम वर्षभर चालू असतो. त्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची भर पडते. बैतूलच्या वाटेवर, मध्य प्रदेशाच्या हद्दीतील पांढुर्णा येथे जाम नदीच्या पात्रात त्या दिवशी गोटमार होते. पांढुर्णा व सावरगाव या दोन बाजूंचे लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. डोक्याला लागलेले रुग्णालयात जातात. पाठीवर, मांडीवर, पोटरीवर मुका मार बसलेले पुष्कळसे घरीच राहतात आणि दोन-चार दिवसांनी नातलगांच्या आग्रहाने आपल्या दारी येतात. तोपर्यंत निम्म्यांनी तरी चोळून घेतलेले असते.

शब्दांचा घोळ

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. आजच्या बोलीत, वर्तमानपत्रांत, किंबहुना औषधांच्या वेष्टनांवरही 'स्नायू' म्हणजे मांसपेशी असाच अर्थ घेतला जातो. सुश्रुताचार्यांचा स्नायू तो नव्हे. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात पेशी ५०० आणि स्नायू ९०० अशी पृथक् गणना आहे. ९०० स्नायूंपैकी ६०० शाखांत, २३० कोष्ठात आणि ७० ग्रीवेच्या वर सांगितले आहेत. त्यांचे प्रतानवती, वृत्त, पृथू आणि सुषिर असे चार प्रकार आहेत. प्रतानवती स्नायू शाखांत व संधींच्या ठिकाणी असतात, तर वृत्त स्नायूंनाच कंडरा म्हटले आहे. म्हणजे आधुनिक शारीरात ज्यांना अस्थिबंध व स्नायुबंध म्हणतात, त्यांच्याशी स्नायूचे साधर्म्य अधिक आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. फळ्या एकमेकींना अनेक बंधांनी घट्ट बांधल्यावर नौका जशी माणसांचा भार वाहते, तसे स्नायूंनी संधी बांधले गेल्यामुळे मनुष्य भार सहन करतो, असा दृष्टान्त त्याच अध्यायात आला आहे. अस्थी, पेशी, सिरा वा संधी यांच्या आघातापेक्षाही स्नायूचा आघात शरीराला अधिक बाधक ठरतो, असेही तेथे म्हटले आहे. व्यवहारात याचा प्रत्यय रोज येतो. मोडलेले हाड योग्य प्रकारे बांधल्यास बहुधा पूर्ववत जुळते. परंतु पुरता तुटलेला व दुर्लक्षित राहिलेला घोट्याचा बंध माणसाला पुढे वर्षानुवर्षे सपाट रस्त्यावरही दगा देतो. मांसपेशीत रक्ताभिसरण भरपूर असल्याने ती लवकर भरून येते. बंध व कंडरा यांत ते अल्प असते, त्यामुळे तेथे आठवड्यांऐवजी महिन्यांचा हिशेब धरावा लागतो. रुग्णाला पहिल्याच दिवशी हे सांगितले, तर तिसऱ्या दिवशी तो दुसऱ्याकडे चोळावयास जाणार नाही.

हलवू नये, ढवळू नये

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात संधिमुक्ताचे सहा प्रकार वर्णिले आहेत : उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त आणि तिर्यक्क्षिप्त. यांपैकी पहिले दोन प्रस्तुत विषयाच्या सर्वांत जवळचे आहेत. उत्पिष्टात संधीच्या दोन्ही बाजूंस शोथ असतो आणि रात्री नाना प्रकारच्या वेदना होतात. विश्लिष्टात शोथ अल्प, परंतु वेदना सतत आणि संधीच्या क्रियेत विकृती असते. घोटा मुरगळून आलेला रुग्ण डोळ्यांपुढे आणावा. दोहोंपैकी एक वर्णन त्याला लागू पडतेच.

आता चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात या दोघांसाठी काय सांगितले आहे ते पाहावे. इतर प्रकारांत आंच्छन, पीडन, संक्षेप, बंधन या क्रियांनी संधी जागेवर आणावयाचा आहे. उत्पिष्ट आणि विश्लिष्ट संधीविषयी मात्र आचार्यांची सूचना वेगळी आहे. असा संधी वैद्याने हलवू-ढवळू नये. त्यावर शीत परिषेक व प्रदेह करावेत आणि नंतर तुपाने माखलेल्या पट्टीने वेष्टन करून यथायोग्य बंधन करावे. चोळणे नाही, ओढणे नाही, शेकणे नाही. त्वचा न फाटता मांस चिरडले जाते अशा आघातांबाबतही दुसऱ्या अध्यायातील विचार हाच आहे. जेथे रक्त बाहेर फारसे वाहत नाही, तेथे आतल्या आत उष्मा वाढून दाह व पाक होतो, म्हणून शीत आलेपन व शीत परिषेक.

मग लोकांत आणि काही अंशी आपल्यातही 'आयुर्वेद म्हणजे गरम तेल' ही समजूत रुजली कशी? आमच्या मते याचे मूळ वेदना म्हणजे वात आणि वात म्हणजे स्नेह-स्वेद या घाईच्या समीकरणात आहे. अभिघाताने वातप्रकोप होतो हे खरेच; पण त्याच क्षणी रक्त स्वस्थान सोडून पेशींच्या अंतरालात साचलेले असते आणि रक्तपित्ताची उष्णता तेथे प्रबळ असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत स्वेदन केल्यास सिरांची मुखे अधिक उघडतात, स्राव वाढतो, शोथ वाढतो. स्नेह-स्वेदांचे स्थान निश्चित आहे, पण ते नंतर.

आधुनिक वैद्यकातही या प्रश्नावर बरीच चर्चा झालेली आहे. १९७८ साली अमेरिकेतील डॉ. गेब मिर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि अवयव उंच ठेवणे ही चतुःसूत्री प्रचारात आणली आणि ती जगभर रूढ झाली. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच, बर्फाचा अतिरेक व संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्यास विलंब होऊ शकतो, असे मत मांडले. २०१९ मधील नव्या मांडणीत बर्फाला व शोथनाशक गोळ्यांना फारसे स्थान उरले नाही; संरक्षण, उंचावर ठेवणे, दाबपट्टी, रुग्णाला समजावून सांगणे आणि वेदनेच्या मर्यादेत लवकर हालचाल यांवर भर आला. प्रारंभीच्या काळात उष्णता, मद्य, धावणे व मर्दन टाळावे ही आधुनिक वैद्यकातील जुनी शिकवण आहे. दोन्ही शास्त्रांचे बारकावे भिन्न असले, तरी पहिल्या तीन दिवसांत रगडू नये या एका मुद्द्यावर त्यांचे ऐक्य आहे.

प्रथम : मोडलेले तर नाही ना?

लेप, बंध किंवा गुग्गुळ यांपैकी काहीही सुरू करण्यापूर्वी अस्थिभग्न वगळणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य होय. घोट्यासाठी एक सोपी व भरवशाची पद्धत उपलब्ध आहे. १९९२ साली कॅनडातील ओटावा येथे डॉ. इयान स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. घोट्याच्या आतील किंवा बाहेरील उंचवट्याच्या टोकावर, अथवा त्या हाडाच्या मागील कडेवर खालून ६ सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबल्यास वेदना होत असेल, किंवा रुग्णाला इजा झाल्यावर लगेच आणि आपल्यासमोरही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र अवश्य काढावे. पायाच्या मधल्या भागात वेदना असल्यास बाहेरच्या कडेवरील करंगळीच्या लांब हाडाचे बूड आणि आतील बाजूचे नौकाकृती हाड दाबून पाहावे. लंगडत का होईना, चार पावले पडली आणि हाडावर वेदना नाही, तर भग्नाची शक्यता अगदी थोडी. मात्र मद्यपान केलेला रुग्ण, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेला रुग्ण आणि लहान मुले यांच्याबाबत या नियमावर विसंबू नये. मुलांच्या कोपराला मार असेल तर कोणताही नियम न लावता चित्र काढावे. वरील मुलगा पहिल्या दिवशी आमच्यासमोर आला असता, तर आम्हीही तेच केले असते, असे आज म्हणता येते.

पोटरीमागे 'कोणीतरी काठी मारल्यासारखे' वाटून एकदम पाय टेकेनासा झाला, तर रुग्णाला पालथे निजवून पोटरी हाताने दाबावी. पाऊल खाली झुकले नाही, तर टाचेची कंडरा तुटलेली आहे असे समजावे. अशा रुग्णास सूज नसली तरी शल्यचिकित्सकाकडे त्याच दिवशी पाठवावे. तसेच मांडी किंवा पोटरीवर जबर मुका मार बसला असून वेदना दिसणाऱ्या इजेच्या मानाने फार अधिक आहे, पोटरी ताणलेल्या ढोलासारखी कडक लागते आणि बोटे नुसती ताणली तरी रुग्ण ओरडतो, अशा वेळी एक तासही दवडू नये. मांसपेशींच्या कप्प्यात दाब वाढून तेथील रक्तपुरवठा बंद पडत असतो. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहणे धोक्याचे आहे, कारण नाडी बऱ्याच उशिरापर्यंत लागत राहते.

पहिले तीन दिवस

परिषेकासाठी न्यग्रोधादी गणाचा कषाय सांगितला आहे. व्यवहारात पंचवल्कलाची भरड सर्वत्र मिळते. १०० ग्रॅम भरड १६०० मिलिलीटर पाण्यात उकळून चतुर्थांश उरवावी, गाळून निववावी आणि माठाजवळ ठेवून थंड करावी. त्यात भिजविलेली सुती घडी सुजलेल्या भागावर १५ मिनिटे ठेवावी व दिवसातून चार-पाच वेळा असे करावे. बर्फ वापरावयाचाच असेल तर कापडात गुंडाळून आणि पहिल्या दिवसापुरताच. त्वचेवर थेट बर्फ धरून फोड आलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत.

लेपासाठी मंजिष्ठा, ज्येष्ठमध, रक्तचंदन आणि तांदळाचे पीठ हे शतधौत घृतात कालवून लावावे, असा सुश्रुतोक्त योग आहे. तो साधा, सौम्य आणि निर्धोक आहे. परंतु दुर्दैवाने आपल्याकडे तो फार थोडे लोक वापरतात. त्याऐवजी आंबेहळद, बोळ, तुरटी इत्यादींची लेपगोळी उगाळून, कढवून, सोसेल तितकी गरम लावण्याची प्रथा आहे. लेपगोळीला आमचा विरोध नाही. मात्र पहिल्या तीन दिवसांत ती गार पाण्यात उगाळून लावावी. लेपविधीचे नियमही आपण विसरत चाललो आहोत. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायानुसार लेप लोमांच्या विरुद्ध दिशेने लावावयाचा असतो. जाडी ओल्या म्हशीच्या कातड्याइतकी. रात्री लेप लावू नये, आणि पीडनाचा हेतू नसेल तर वाळलेला लेप अंगावर राहू देऊ नये. आपल्याकडे नेमके उलट घडते. निजताना लेप थापावयाचा आणि सकाळी खपल्यांसह खरवडून काढावयाचा. त्वचेखालील उष्म्याला बाहेर पडण्यास वाव राहत नाही, हे त्यामागचे शास्त्रोक्त कारण. शिवाय वाळून ताणलेल्या लेपाखाली नाजूक त्वचा सोलली जाते, हे रोज दिसणारे कारण.

बंधनाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण सर्वांत गंभीर अपाय येथेच होतात. बंध सैल राहिला तर संधीला स्थैर्य येत नाही आणि अति गाढ झाला तर त्वचेत शोथ, वेदना व पाक होतो, असे आचार्यांनी बजावले आहे. बांबूच्या कामट्या घट्ट आवळून, वर सुतळी बांधून, आठ-दहा दिवस न सोडता ठेवल्यामुळे बोटे काळी पडलेले हात शहरातील रुग्णालयांत आजही येतात. क्रेप बँडेज बांधताना बोटांपासून वर घोट्याकडे यावे, वरून खाली नव्हे. बांधून झाल्यावर बोटाचे नख दाबून सोडावे. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. मुंग्या, बधिरता, थंडपणा किंवा वाढती वेदना जाणवल्यास रात्री बारा वाजताही पट्टी सोडावी, असे रुग्णाच्या घरच्या माणसाला बजावून सांगावे. रुग्ण एकटा असेल तर लिहून द्यावे.

बंध किती दिवसांनी बदलावा? शीत ऋतूत सात दिवसांनी, साधारण ऋतूत पाच दिवसांनी आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी, असा ऋतुमानाप्रमाणे भेद सुश्रुतात आहे. आपल्या विदर्भातील मे महिन्यात, पारा ४५ अंशांपर्यंत जात असताना, या तीन दिवसांच्या नियमाचे मर्म वेगळे समजवावे लागत नाही. घामाने भिजलेल्या पट्टीखाली दुसऱ्या दिवशीच पुरळ उठते. आम्ही उन्हाळ्यात पट्टी रोज संध्याकाळी सोडून, अवयव पुसून कोरडा करून पुन्हा बांधावयास सांगतो. भग्न नसल्यामुळे ही मुभा घेता येते.

आभ्यंतर औषधांत लाक्षादी गुग्गुळ आणि आभा गुग्गुळ हे दोन योग प्रसिद्ध आहेत. पहिल्यात लाक्षा, अस्थिशृंखला, अर्जुन, अश्वगंधा व नागबला ही द्रव्ये आहेत. दुसऱ्यातील आभा म्हणजे आपल्या बांधावरची बाभूळ. भग्नाधिकारातील असले तरी बंध व कंडरा यांच्या इजेत त्यांचा उपयोग परंपरेने होत आला आहे. मात्र रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णास साधा मुका मारही मोठी रक्तगाठ निर्माण करतो. अशा रुग्णास गुग्गुळकल्प सुरू करण्यापूर्वी त्याच्या हृदयरोगतज्ज्ञाशी बोलावे. लवण, अम्ल, कटू, क्षार, रूक्ष अन्न, ऊन आणि व्यायाम वर्ज्य करण्याचा आदेश भग्नासाठी आहे. सौम्य मुरगळण्यात तो जसाच्या तसा लादण्याचे कारण नाही, मद्य मात्र कटाक्षाने बंद करावे.

चौथ्या दिवसानंतर

शोथाची उष्णता निवाली, त्वचेचा रंग तांबड्या-निळ्यावरून हिरवट-पिवळा होऊ लागला आणि स्पर्शासहत्व कमी झाले, की स्नेहनाची वेळ आली असे समजावे. ही वेळ दिवस मोजून नव्हे, तर हाताच्या पाठीने स्पर्श करून ठरवावी. प्रारंभ इजेच्या जागी न करता तिच्या वरच्या भागापासून, हलक्या हाताने करावा. महानारायण, सहचर यांपैकी कोणतेही तेल चालते; तेलापेक्षा हात महत्त्वाचा. त्यानंतर निर्गुंडीच्या पानांचा सौम्य स्वेद द्यावा. मांडीच्या पुढील पेशीवरील व कोपराभोवतीचा मार याला अपवाद आहे. तेथे मर्दन दोन-तीन आठवडे तरी टाळावे, नव्हे, कोपराला ते करूच नये. मुलाने स्वतः वळवील तेवढेच कोपर वळू द्यावे. मधुमेही रुग्णाला स्वेद देताना उष्णतेची परीक्षा आपल्या हाताने करावी, त्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

हालचालीविषयी सुश्रुतात एक फार सुंदर सूचना आहे. तळहाताच्या भग्नानंतर रुग्णाने प्रथम मातीचा गोळा, मग मिठाचा खडा आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा. क्रमाक्रमाने भार वाढविण्याचे जे तत्त्व आजच्या भौतिकोपचारांत सांगितले जाते, ते याहून निराळे नाही. घोट्यासाठी आम्ही हाच क्रम पुढीलप्रमाणे वापरतो. प्रथम बसून पावलाने हवेत अक्षरे काढणे, नंतर भिंतीला धरून टाचा उचलणे, नंतर दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहणे आणि शेवटी डोळे मिटून उभे राहणे. शेवटची पायरी गाठल्याशिवाय शेतात पाठवू नये, कारण नांगरटीच्या ढेकळांत तोच पाय पुन्हा मुरगळतो. वारंवार असे होऊन घोटा कायमचा दुखरा राहिला, तर त्यास आपण वातकंटक म्हणतो. पाऊल विषम पडल्याने होणारा म्हणूनच तो वर्णिला आहे. गुल्फ हे रुजाकर मर्मांत गणलेले आहे, हेही येथे ध्यानी घ्यावे.

जुनाट झालेल्या कंडराविकारांत, विशेषतः टाच आणि कोपराची बाहेरील बाजू येथे, अग्निकर्माचा आमचा अनुभव समाधानकारक आहे. स्नायू, संधी व अस्थिगत वातात स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन आणि उन्मर्दन हे उपक्रम सांगितले आहेतच. परंतु पंधरा दिवसांच्या ताज्या दुखण्यावर शलाका तापवू नये. कापूस वेचणीच्या हंगामात अंगठ्याच्या बुडाशी मनगट दुखणाऱ्या भगिनींना आठ दिवस अंगठा बांधून विश्रांती दिली, तर पुष्कळदा दुसरे काही लागत नाही. हे आठ दिवस मिळविणे हाच चिकित्सेतील अवघड भाग असतो, कारण वेचणी किलोवर असते आणि घरी बसल्यास मजुरी बुडते. डाव्या हाताने वेचा असे सांगणे सोपे आहे. त्यावर त्या नुसत्या हसतात.

उसण भरणे हा प्रकार थोडक्यात घेऊ. पोते उचलताना कंबरेत चमक भरून माणूस वाकडा झाला, तर एक-दोन दिवसांहून अधिक झोपवून ठेवू नये. सोसेल तितके चालू द्यावे. येथे सौम्य शेक प्रारंभापासून चालतो, कारण बाह्य शोथ व रक्तसंचय नसतो. परंतु लघवी अडणे वा नकळत होणे, बैठकीच्या जागी बधिरता, पाऊल लोंबकळणे, ज्वर, किंवा उंचावरून पडल्याचा इतिहास यांपैकी काहीही आढळल्यास पाठीवर पाय देऊन उसण उतरविणाऱ्याकडे नव्हे, तर थेट रुग्णालयात पाठवावे.

औषधी विक्रेते बंधूंसाठी

तालुक्याच्या गावी मुरगळलेला माणूस वैद्याकडे येण्याआधी आपल्या दुकानी येतो, आणि त्याचा पहिला प्रश्न 'चोळायचं चांगलं तेल द्या' असाच असतो. तेल विकू नका असे आम्ही म्हणत नाही. केवळ एक प्रश्न विचारा : 'केव्हा लागले?' तीन दिवसांच्या आतले असेल तर पंचवल्कलाची भरड, लेप आणि क्रेप बँडेज द्या; तेल दिले तरी कधी सुरू करावयाचे ते बाटलीवर लिहून द्या. व्यापाराच्या दृष्टीनेही यात तोटा नाही. विषगर्भ तेलात वत्सनाभ, धत्तूर यांसारखी विषद्रव्ये असतात. ते खरचटलेल्या त्वचेवर लावू नये आणि लहान मुलांच्या हाती लागू नये, ही सूचना प्रत्येक बाटलीमागे तोंडी द्यावी. गुग्गुळ खरेदी करताना अतिस्वस्त मालापासून दूर राहावे. गुग्गुळाचा वृक्ष आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत अतिसंकटग्रस्त वर्गात आहे. मालाची टंचाई असताना भाव उतरलेला दिसला, तर त्यात दुसरा डिंक मिसळलेला असण्याचा संभव अधिक.

ज्या मुलाच्या वृत्तान्ताने लेखाचा आरंभ केला, त्याचे मर्दन आम्ही त्याच दिवशी थांबविले आणि त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठविले. गाठ पूर्ण पक्व होईपर्यंत शस्त्रकर्म करावयाचे नाही, असे तेथे ठरले. मुलाने स्वतःच्या बळाने कोपर वळविणे एवढेच चालू ठेवले. दहा महिन्यांनंतर तो उजव्या हाताने जेवतो, लिहितो. शर्टाचे वरचे बटण मात्र अजून डाव्या हाताने लावतो. आजोबा येताना संत्री घेऊन येतात. आमच्या औषधी खिडकीवर आता तेलाच्या प्रत्येक बाटलीला एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर तारखेसाठी कोरी जागा आहे आणि तिच्याखाली लिहिले आहे : 'या दिवसाआधी चोळू नये.' तारीख आमचा सहायक लागल्याचा दिवस विचारून भरतो.